बादली कॅमेऱ्यासमोर

वजन कमी करायचं ऑपरेशन दूरच्या शहरात करून ती घरी परतली, तेव्हापासून पोटात पाणीही ठरत नव्हतं. आज तिकडचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर तिला तपासत होते. फोन मात्र नवऱ्याच्या हातात होता.

डॉक्टर: उलट्या होतात?

नवरा: छे हो! नुसती नाटकं.

डॉक्टर: पाणी पितात?

नवरा: घटाघटा.

डॉक्टर: चक्कर?

सासू (मागून): कामाचं नाव काढलं की येते!

तिने पलंगाखालची उलटीची बादली उचलून कॅमेऱ्यासमोर धरली.

डॉक्टर: आत्ताच जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घ्या. मग इकडे या.

नवरा: पुन्हा एवढ्या लांब? मला नाही जमायचं.

"तुम्हाला बोलावलंय कुणी?" तिने फोन हिसकावला. "डॉक्टर, आता मला विचारा."