मुद्द्याचं बोलणं

तिने उजवं कोपर टेबलाला घट्ट टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि कोरणीचं टोक मेणाच्या दाढेवर ठेवलं. खाच अगदी केसाएवढी हवी होती. टोक थरथरलं आणि दाढेचा कोपराच उडाला.

समोरच्या टेबलावर काम करणारी बोलघेवडी मालिकेची गोष्ट सांगण्यात रंगली होती.

"...आणि सासू म्हणते, हे मूल आमचं नाहीच. आता बोला."

उत्तरावाचून बोलघेवडीचं कधी अडलं नव्हतं.

कृत्रिम दात बनवणाऱ्या त्या लहानशा लॅबमध्ये कामाला तिघंच होती: मेणात दात कोरणाऱ्या या दोघी आणि साचे ओतणारे प्लास्टरवाले काका. दिवसभर मालिका, नट्या, त्यांची लग्नं आणि काडीमोड. ऐकून ऐकून तिचा जीव मेटाकुटीला यायचा. "कधीतरी मुद्द्याचं बोलू या ना," ती म्हणायची. "कशाची भीती वाटते, आयुष्यात काय राहून गेलं, असं काहीतरी." त्यावरूनच तिचं नाव मास्तरीणबाई पडलं होतं. काका एकदा गंभीर चेहरा करून म्हणाले होते, "राहून गेला तो चारचा चहा." त्यावर काका आणि बोलघेवडी आठवडाभर हसत होते.

आणि आता गेले दोन महिने भीती तिच्याच बोटांत येऊन बसली होती, तर मास्तरीणबाईंच्या तोंडून ब्र निघत नव्हता. मुलगी अजून शिकत होती आणि घरात कमावते हात हे दोनच. डॉक्टरांकडे जायला पाय उचलत नव्हता. ते तपासतील, दुखण्याचं नाव सांगतील, मग ते खरंच होऊन बसेल. हात मांडीखाली दाबून धरला की जरा शांत व्हायचा, तेवढाच काय तो इलाज.

तिने दिव्यावर मेण वितळवून कोपरा पुन्हा भरला. ही एक आणि आणखी तीन दाढा संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. सकाळपासून हातून एकही पुरी झाली नव्हती.

दार उघडलं आणि मालक आत आले. प्रत्येक टेबलापाशी थांबून काम बघायची त्यांची सवय होती. तिने हात झटकन मांडीवर घेतला. ते नेमके तिच्याकडेच वळले.

"साहेब, हे बघितलंत का?" बोलघेवडीने फोन पुढे केला. "या नटीने दुसरं लग्न केलं. नवरदेव बघा तरी, आजोबा शोभतोय."

मालकांना हसू आवरेना. फोटो बघता बघता त्यांचाच फोन वाजला आणि ते बोलत बोलत तसेच बाहेर गेले. तिच्या टेबलाकडे बघायचं राहूनच गेलं. वाचले, असं तिला वाटलं, आणि लगेच रागही आला. इथे माणूस बुडतंय आणि हिला कुण्या नटीच्या लग्नाचं पडलंय.

जेवणाच्या सुट्टीत काका बाहेर गेले. बोलघेवडीने दार लोटून घेतलं, खुर्ची ओढून तिच्याशेजारी येऊन बसली आणि आपला ट्रे पुढे सरकवला. त्यात मेणाच्या तीन दाढा होत्या.

"तुझ्या वाटणीच्या आहेत. तुझ्यासारख्या नाही उतरल्या, पण खपतील."

तिने डाव्या हाताने एक दाढ उचलून उजेडात धरली.

"मालकांचं मनात आणू नकोस. त्यांना मी बघते. महिनाभर बघतेच आहे." मग आवाज खाली आणून बोलघेवडी म्हणाली, "ताई, हात कधीपासून असा होतोय?"

इतकी वर्षं तिने याहून वेगळं काय मागितलं होतं? कुणीतरी समोर बसावं आणि खरं ते विचारावं. सगळं ओठांपर्यंत आलं होतं: मुलगी, रात्री न लागणारी झोप, कपातून सांडणारा चहा. एक शब्द सुटला असता तर बांधच फुटला असता, आणि चौथी दाढ तर अजून पुरी व्हायची होती. तिने कोपरा भरलेल्या दाढेकडे बघितलं.

"काल काय झालं मालिकेत?" ती म्हणाली.

बोलघेवडीने क्षणभर तिच्याकडे निरखून बघितलं. मग तिचा थरथरणारा हात आपल्या हातात घेतला आणि नेहमीच्या सुरात सुरुवात केली.

"काल तिची स्मृती गेली."

"पुन्हा?"

"तिसऱ्यांदा. शुद्धीवर आली आणि नवऱ्याला म्हणते, तुम्ही कोण? सासू मनातून खूश. आणि शनिवारी आपण दोघींनी डॉक्टरांकडे जायचंय, मी नंबर लावून ठेवलाय."

"बरं."

हात तिने सोडवून घेतला नाही. तिनेच पुढे विचारलं,

"मग नवऱ्याला तिने ओळखलंच नाही?"

"ओळखलं गं. पहिल्या नजरेतच ओळखलं. फक्त कुणाला कळू दिलं नाही तिने."