तळमजल्याच्या घराची पाटी

मित्रांनो, तुमचे माझ्याकडे कधी लक्ष गेले नसेल, पण घर शोधत फिरणारी माणसे मला दुरूनच ओळखतात. एका फाटकावर टांगलेली मी जुनी पत्र्याची पाटी. 'एक बेडरूमचे घर भाड्याने देणे आहे. तळमजला. आत चौकशी करावी,' एवढेच माझ्या अंगावर लिहिले आहे.

तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा ठोकून एका पेंटरने मला घडवले. जागा पुरेना, म्हणून शेवटची अक्षरे त्याने दाटीवाटीने बसवली. "असू दे, वाचता आलं म्हणजे झालं," असे म्हणून घरमालक हसले होते. त्यांच्या हयातीत माझा थाट होता. आठवड्याच्या आत कुटुंब मिळे, मग ते मला पुसून जिन्याखाली ठेवत. आलेल्या माणसाला आधी पाणी विचारत, भाडे नंतर सांगत.

ते गेले. वस्तीत उंच इमारती आल्या, भाडी चढली. माझा रंग उडाला, कडांना गंज धरला. मालकीणबाई मला टांगत खऱ्या, पण त्यांची भिस्त दलालावर.

अशात एका दुपारी चाळिशीची एक बाई माझ्यापुढे थांबली. जवळच्या कपड्यांच्या कारखान्यात ती बाह्या जोडत असे. सात महिने घर शोधून तिच्या चपला झिजल्या होत्या. परवडणारी घरे वरच्या मजल्यांवर. तळमजला म्हटला की भाडे आवाक्याबाहेर. आणि तिच्या आईचे गुडघे कामातून गेलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून आई दोन वर्षे खाली उतरली नव्हती.

मालकीणबाईंनी भाडे सांगितले. त्या ताईने बोटांवर हिशेब केला. "ओढाताण होईल," ती म्हणाली, "पण जमवते."

रविवारी तिने आईला घर दाखवायला आणले. शेजारच्या दोघांनी आजींना खुर्चीसकट खाली उतरवले होते. आजी खिडकीशी बसल्या.

"इथून माणसं दिसतात गं. माझी खाट इथेच लाव."

"लावते. पण दिवसभर रस्त्याकडे बघत बसलीस, तर भाजी कोण निवडणार?"

"बघत बघत निवडीन की."

मालकीणबाईही हसल्या. "एक तारखेला सामान घेऊन या. पाटी उतरवते मी आजच."

मला जिन्याखाली उभे केले. तिथून फाटक दिसे आणि बोलणेही ऐकू येई. चार दिवसांनी दलाल आला. एका कंपनीला आपल्या साहेबासाठी घर हवे होते, भाडे दीडपट.

"मी त्या बाईला शब्द दिलाय," मालकीणबाई म्हणाल्या.

"कागद केलाय का?"

"नाही."

"मग झालं तर."

मालकीणबाईंनी घराची किल्ली दलालाच्या हाती दिली. ताईला कळवायचे मात्र त्यांच्याने झाले नाही.

एक तारखेला टेम्पो फाटकाशी थांबला. खाट, ट्रंक, शिलाई मशीन. मागून रिक्षात आजी. दाराला साहेबाचे कुलूप होते.

"माझाही नाइलाज झाला हो," मालकीणबाई खाली बघत म्हणाल्या.

"बाई, तिकडची खोली सोडून आलेय मी. तिथे सकाळीच दुसरी माणसं आली."

रिक्षातून आजी विचारत होत्या, "किल्ली मिळाली का गं?" ताई मागे वळली नाही. टेम्पोवाल्याने विचारले, "ताई, आता कुठं घेऊ?"

वर्षाने साहेबाची बदली झाली आणि मी पुन्हा फाटकावर आले. एका संध्याकाळी कारखान्यातून परतताना ताई माझ्यापुढे थांबली. मालकीणबाई लगबगीने बाहेर आल्या.

"तुम्हालाच देते. ठरलेल्याच भाड्यात. आईंना घेऊन या."

"आईला भावाकडे ठेवलं होतं, लांब. चार महिन्यांपूर्वी गेली. मला पोचायला उशीर झाला."

"मग तुम्ही तरी या राहायला."

"सहा जणींच्या खोलीत कॉट घेतलीय मी," ताई म्हणाली. "एकटीला तेवढी पुरते."

ती चालू लागली. मालकीणबाई फाटक धरून बराच वेळ उभ्या होत्या.

मित्रांनो, मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल. पत्राच मी, गंजणारच. पण उद्या तुमच्या हाती एखाद्या घराची किल्ली येईल. कुणाला "या" म्हणण्याआधी विचार करा, आणि म्हणालात तर दार उघडे ठेवा. ते माणूस डोक्यावरचे छप्पर सोडून तुमच्या दारी येत असते.