बिजलीबाईच्या हातची रिबीन

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. भाजीची पोती उतरवली की जीपा तशाच इकडे वळतात आणि दुखणी उतरवतात. पूर्वी जो आधी येई तो आधी आत जाई, नाहीतर जो मोठ्यानं ओरडे तो. अकरा दिवसांपासून मात्र ते दारातल्या टेबलाशी उभी असलेली उज्ज्वला सिस्टर ठरवत होती. नाडी बघायची, श्वास मोजायचा, दोन प्रश्न विचारायचे आणि मनगटाला रिबीन बांधायची. जिवाला धोका असेल तर लाल, थोडं थांबलं तरी चालेल तर पिवळी, बाकीच्यांना हिरवी. नर्सनं असं निवडून पाठवलं तर अत्यवस्थ माणूस डॉक्टरांपर्यंत लवकर पोचतो का, याची पाहणी नर्सिंग कॉलेजनं लावली होती. रिबिनीला नंबर, तक्त्यात नंबरापुढे वेळ. नावाला तक्त्यात जागाच नव्हती.

दहाच्या सुमाराला बंजारा तांड्यावरची ममता आली, कडेवर दोन वर्षांचा बादल. मागोमाग तिची सासू बिजलीबाई. पोर तापानं फणफणलेलं, पण उज्ज्वलाच्या गळ्यातलं ओळखपत्र ओढायला त्याच्या मुठीत चांगला जोर होता. उज्ज्वलाच्या घरचं लेकरूही एवढंच. ती मूठ सोडवायला तिनं उगाच जास्त वेळ लावला.

"पाणी पितो ना? शू झाली? मग घाबरू नको." पिवळी.

मग तिचं लक्ष सासूकडे गेलं. पंख्याखाली उभी असून बाईच्या ओढणीचा काठ घामानं कपाळाला चिकटला होता.

"याडी, तुम्हाला काय होतंय?"

तांड्यावर आईला मारतात ती हाक सिस्टरच्या तोंडून ऐकून बिजलीबाई हसली. "मले? काई नाई व पोरी. सकाळपासून दाढ ठणकून राह्यली. खांदाबी. तू पोट्ट्याले पाय."

उज्ज्वलानं नाडी धरली. दाढ, खांदा, हा घाम, म्हणजे हृदयाचंच दुखणं; दुसरा प्रश्न न विचारताच तिनं लाल रिबीन ओढून बांधली. "तुम्ही आधी आत जायचं. डॉक्टरांच्या दाराशी लखीराम शिपाई आहे ना, त्याला ही दाखवा. लाल आधी जाते."

"अन् पिवळी?"

"मागून. अर्धा तास, तासभरही."

"बरं झालं सांगतलंस," बिजलीबाई म्हणाली.

तेवढ्यात ट्रॅक्टरवरून पडलेल्या एकाला पायरीशी आणलं, तशी उज्ज्वला तिकडे धावली. ती परतली तेव्हा लखीराम दारातून सांगत होता, "लाल, नंबर अडुसष्ट, आत गेली." तिनं वेळ लिहिली. चार मिनिटं. तिला बरं वाटलं.

वीसेक मिनिटांनी ती बाकावरच्या पिवळ्यांना पुन्हा तपासायला निघाली. टोकाला भिंतीला टेकून बिजलीबाई बसली होती. हातभर बांगड्यांमधून पिवळी रिबीन डोकावत होती, दातांनी ओढून बांधलेली.

"याडी, तुम्ही इथं कशा?"

"नातू गेला ना आत." आवाज खोल गेला होता. "लय चांगली सोय केली तुमी."

"ती तुमच्यासाठी होती."

"माह्यासाठी कायले? म्हातारी आधी अन् लेकरू मागून, असं असते का कुठं..."

ती बोलता बोलताच कलली. उज्ज्वलानं तिला फरशीवर झेललं, डॉक्टरांना हाक मारली आणि छाती दाबायला सुरुवात केली. चांदीचा हार हाताखाली येत होता, तो तिनं मागे सारला. हृदयाला झटका द्यायचं यंत्र आलं. दुसऱ्या झटक्याला नाडी लागली. ममता बादलला घेऊन दारात थिजून उभी होती. "सासूबाईनं बांधली, मले वाटलं त्याचीच हाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बादलच्या मनगटाला लाल रिबीन तशीच होती.

रुग्णवाहिकेत चढवताना बिजलीबाईनं डोळे उघडले. तासाभरानं यवतमाळहून चालकाचा फोन आला: पोचलो, म्हातारी बोलून राह्यली. तेव्हा कुठं उज्ज्वला स्टुलावर बसली.

लखीरामनं चहा आणून ठेवला. "जगली, सिस्टर. नाईतर रोज चालते हे, काई होत नाई."

"रोज काय चालतं?"

"हेच, रिबिनी बदलाचं. सासू सुनेले देते, बाप पोरीले देते. त्यायच्या घरचा मामला, मी कायले मधात पडू? रंग पाहाचा अन् आत सोडाचं, एवढंच सांगतलं होतं मले."

तिनं तक्ता उलगडला. अकरा दिवस. लाल, चार मिनिटं. लाल, पाच मिनिटं. लाल, तीन. एकूण एक्काहत्तर लाल. त्यातले आत कोण गेले आणि बाहेर कोण बसून राहिले, कोण तसेच जीपमधून घरी परतले? चहावर साय धरली तरी तिची नजर त्या आकड्यांवरून हलेना.

मग ती उठून बाकासमोर उभी राहिली.

"कोणी कोणाला रिबीन दिली आहे? रागावणार नाही मी."

मधोमध एक माणूस कूस दाबून बसला होता, हातात हिरवी. त्यानं वर पाहिलं नाही. शेजारच्या मुलीनं मात्र आपलं लाल रिबिनीचं मनगट हळूच फ्रॉकच्या घडीत सरकवलं.