न वाजलेला इशारा

कृष्णाकाठच्या गावांना पुराचा इशारा फोनवरून देणारी यंत्रणा सांगलीत पल्लवी सांभाळायची. आजवर ती कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या स्वतंत्र कप्प्यांत, सतत चालू असायची. त्या दुपारी पल्लवीनं ती सर्व्हरलेसवर हलवली. आता काम आलं तरच ती जागी होणार, एरवी झोपलेली. चाचण्या नीट झाल्या होत्या.

संध्याकाळी धरणातून पाणी सोडल्याचा संदेश आला, पण नवी यंत्रणा जागीच होईना; पडद्यावर एकही इशारा गेलेला दिसेना. तिची आई, भामाबाई, मेंढरं घेऊन कराडजवळ नदीच्या मळीतच, काठच्या सखल गाळाच्या रानात, बसली होती. पल्लवीनं तिला फोन लावला.

"आये, इशाऱ्याचा फोन आला का गं?"

"न्हाई. कसला इशारा?"

"पाणी सोडलंय! मेंढरं वर काढ, सगळ्यांना हाक मार!"

जुने कंटेनर पल्लवीनं अजून पुसले नव्हते. फोन कानाशी धरूनच तिनं ते पुन्हा सुरू केले आणि संदेश तिकडं वळवला. पलीकडून मेंढरांचा कालवा ऐकू येत होता, आईचं ओरडणं ऐकू येत होतं. मग एकदम खूप फोन वाजले.

"आगं, समद्यांचं फोन वाजाय लागलेत," आई धापा टाकत म्हणाली. "आमी वर आलूय."

नवी यंत्रणा का उठली नाही, ते उद्या शोधता येणार होतं. आत्ता पल्लवीला फोन ठेवायचीच भीती वाटत होती.