शिडाखालची पंगत

क्रांतीने पातेल्यावरचं झाकण पुन्हा उघडलं. पांढऱ्या रश्श्यात मीठ घातलं होतं की नव्हतं, तिला आठवेना. चव घ्यायला चमचा शोधत होती, तेवढ्यात काठावर गाडीचं दार वाजलं. तिने घाईने आणखी मीठ टाकलं, झाकण लावलं आणि दोरी आडवी-उभी घेऊन पातेलं शेगडीला बांधून टाकलं. बोट कलली तरी ते हलता कामा नये. गाठ आण्णांनी, तिच्या वडिलांनी, शिकवलेली होती. आज ती दोनदा मारावी लागली.

केबिनमधून तिने डोकं बाहेर काढलं. आण्णांचे थोरले भाऊ, हंबीरराव आबा, फळीच्या धक्क्यावर उभे राहून डोलकाठीकडे बघत होते. मागे काकी. काकींच्या अंगावर पांढरं पातळ होतं आणि हातात डबा.

"चपला काढायच्या?" आबांनी विचारलं.

"हो आबा. लाकडावर डाग पडतात."

"देवळात आल्यागत झालं. आन् हिला ब्रेक कुठं असतोय?"

"तुमच्या गाडीला तरी कुठं हाय?" काकी म्हणाल्या आणि क्रांतीचा हात घट्ट धरून आत उतरल्या.

ही बोट आण्णांनी शिरोलीच्या घरच्या लोखंड ओतायच्या कारखान्यात वर्षानुवर्षं खपून बांधली होती. तळाचं वजनदार लोखंड दोघा भावांनी मिळून आपल्याच भट्टीत ओतलं होतं, त्यामुळे कागदोपत्री ती कारखान्याची. राधानगरी धरणाच्या पाण्यावर आण्णा पाहुण्यांना घेऊन यायचे, दिवसभर फिरवायचे, बोटीवरच जेवू घालायचे. भाद्रपदात ते गेले. आता कारखाना आबांचा होता, आणि पलीकडच्या काठावरच्या एका रिसॉर्टवाल्याला बोट हवी होती. पाण्यात नव्हे. डोलकाठी उतरवून, हिरवळीवर ठेवून तो तिच्यात टेबलं मांडणार होता. आबा त्याला उद्या शब्द देणार होते.

"त्याआधी एकदा या," क्रांती फोनवर म्हणाली होती. "जेवायलाच या." आण्णांच्या मागे आपल्यालाही बोट आणि पाहुणे दोन्ही सांभाळता येतात, एवढंच तिला दाखवायचं होतं. एकटीने तिने आजवर कुणालाच नेलं नव्हतं.

"काकी, डबा कशाला आणलात? जेवण मी केलंय."

"पिठलं-भाकरी हाय."

पाण्याचा तांब्या क्रांतीच्या हातातच राहिला. पिठलं-भाकरी म्हणजे कडू घास. माणूस गेलेल्या घरी बाहेरून न्यायचा.

"चार महिने झाले, काकी."

"घरी येऊन झालं गं. हितं कुठं आलतो आम्ही? हे बी त्याचंच घर की."

तिने तांब्या आबांपुढे धरला. त्यांनी तळहात आडवा केला. म्हणजे तेही दुखवट्यालाच आले होते. दुखवट्याला आलेला माणूस पाणी घेत नाही, आणि निघताना 'येतो' म्हणत नाही. गेले चार महिने तिने माणसांच्या नुसत्या पाठी पाहिल्या होत्या. आता बोटीचाही दुखवटा. मग उद्याचा शब्द ठरलेलाच असणार.

तिने दोर सोडले आणि शीड चढवलं. सुकाणूच्या दांड्यापाशी बसताना आबांना समोर बसवून शिडाचा दोर त्यांच्या हातात दिला. आण्णाही पाहुण्यांना काहीतरी धरायला द्यायचे. मोकळ्या हातांना भीती जास्त वाटते, म्हणायचे.

"नुसता धरा. मी सोडा म्हटलं की सोडायचा."

"धरायला काय. जन्मभर साखळ्याच धरल्यात."

डोंगराच्या आडोशाला पाणी निवांत होतं. काकी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, काठाकडे न बघता. क्रांतीचं लक्ष एकदा शिडाकडे, एकदा केबिनच्या दाराकडे. आबा काही विचारत नव्हते. त्यांनी काहीतरी विचारायला हवं होतं, निदान नाव तरी ठेवायला हवं होतं.

डोंगर संपला तिथे पुढचं पाणी एकदम काळवंडलेलं तिला दिसलं. वारा येत होता.

"आबा, सोडा दोर."

झोत शिडावर आदळला. बोट कलंडली. आबांनी दोर आणखी आवळला.

भट्टीवर वितळलेल्या लोखंडाचं भांडं साखळीला लटकलेलं असतं. ते डुललं की साखळी जीव खाऊन धरायची. सुटली तर खालचा माणूस जळतो. आबांच्या हातांना तेवढंच ठाऊक होतं. खालच्या बाजूची कड पाण्याला टेकली. काकींनी डबा छातीशी कवटाळला.

"आबा, सोडा! सोड म्हणते ना! सोड!"

आजी गेल्यापासून त्या घरात आबांना कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि मूठ उघडली. शीड फडफडलं. बोट हळूहळू सरळ झाली.

आबांच्या तळव्यावर लाल वळ उठला होता.

"चुकलं, आबा. तोंडातून गेलं."

"पातेलं बघ आधी. सांडलं आसंल."

तिने दारातून वाकून पाहिलं.

"नाही सांडलं."

"बांधलंतं कुणी?"

"मीच."

आबा "हं" म्हणाले आणि तळवा चोळत राहिले.

पुढच्या वळणावर, वारा लागत नव्हता तिथे तिने शीड सैल केलं आणि नांगर टाकला. काकींनी डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला.

"त्या दिवशी आग्नी दिऊन समदी घरी आली, तर तू न्हाईस. तुझा घास तसाच ऱ्हायला."

"धरणाचं पाणी वाढत होतं, काकी. बोटीचे दोर आवळायला आले होते."

"ठावं हाय की. म्हणून तर हितं आणला."

काकींचा हात पुढे आला. क्रांतीने तोंड उघडलं. तो घास तिने खूप वेळ चावला, पाण्याकडे बघत. काकींनी दुसरा केला नाही. पदराने तिची हनुवटी पुसली, लहान मुलाची पुसावी तशी.

"आता तुझं काढ," आबा म्हणाले.

"आवो, दुखवट्याला आलोय न्हवं आपण?"

"पोरीनं घास घेतला. झालं की."

तिने गाठ सोडून रस्सा वाढला, मटण वाढलं. आबांनी वाटी तोंडाला लावली, क्षणभर थांबले, आणि मग शेवटपर्यंत प्यायले. रिकामी वाटी पुढे केली. तिने पुन्हा भरली. तीही संपली. काकींनी एक घोट घेऊन आबांकडे पाहिलं; आबा डोलकाठीकडे बघत होते. कसा झालाय, कुणी म्हणालं नाही. बोटीचं काय, हे विचारायला क्रांतीची जीभ रेटेना. तिने स्वतःला वाढून घेतलंच नाही.

परतताना वारा बेताचा होता. धक्क्याला लागल्यावर आबांनी चपला घातल्या. काकींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डबा बोटीवरच राहिला. दोघं चढ चढून गेले. 'येतो' कुणीच म्हणालं नाही. क्रांती दोर हातात घेऊन त्या दोन पाठींकडे बघत राहिली.

गाडी सुरू झाली, वळली, आणि वळणावर थांबली. काच खाली गेली.

"क्रांते!"

"ओ, आबा?"

"रस्सा खारट हुता! पुढच्या टायमाला मीठ बघून घाल!"

काच वर गेली. धुरळा खाली बसेपर्यंत ती तशीच उभी होती.

मग ती केबिनमध्ये उतरली, झाकण काढलं आणि एक चमचा तोंडात घातला. जीभ आक्रसली. दोन वाट्या. ती तिथेच खाली बसली, काकींचा डबा पुढे ओढला आणि उरलेली भाकरी रश्श्यात कुस्करली.