गेल्या वर्षी कुठे होतात?

सून यात्रा कंपनीत बुकिंगच्या टेबलावर बसायची. तिच्याकडे नवनवी तीर्थस्थळं पडून असायची आणि सासूबाईंना मात्र दरवर्षी तेच टेकडीवरचं देऊळ, तीच पायथ्याची ओल आलेली खोली हवी. गेल्या वर्षी तिने गोड बोलून त्यांना दुसरीकडे नेलं. तिथे वर जायला लिफ्ट, पायाखाली गालिचा, चोवीस तास गरम पाणी. सासूबाईंनी मनोभावे हात जोडले, पण परतताना गाडीत गप्पच होत्या.

"काय कमी पडलं, आई?"

"काही नाही गं. सगळं छान होतं."

यंदा पुन्हा टेकडीच. सुनेनेही रजा टाकली. तिथे एवढं काय पुरून ठेवलंय, ते एकदा बघूच म्हणाली.

खोल्यांची मालकीण अंगणात चादरी वाळत घालत होती. सासूबाई दिसताच तिने तोंड फिरवलं.

"खोल्या भरल्यात."

"सगळ्या?"

"गेल्या वर्षी कुठे उलथला होतात, ताई? मला वाटलं, गेलात वर! देवापुढे रडून आले मी तुमच्यासाठी."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. सून घाईने म्हणाली, "चूक माझी. मीच नेलं त्यांना दुसरीकडे."

मालकिणीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे मटार सोलताना निम्मे खाते ती तूच?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या टेकडीवरच्या देवळाचा कळस निरखण्यात गर्क होत्या.

"बस," मालकिणीचा आवाज उतरला. "दोन वर्षांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं ना तुझं? आता दुखत नाही ना? तेव्हा ही बाई इथे पायरीवर बसून ढसाढसा रडली होती. जेवली नाही, मलाही जेवू दिलं नाही."

घरी तर सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "एवढंसं ऑपरेशन, त्यात घाबरायचं काय?"

वाळत घालायची उरलेली चादर सुनेने एका टोकाला धरली, दुसऱ्या टोकाला मालकिणीने. दोघींनी ती झटकली.

"आई, दर्शनाला निघायचं ना?"

"जाऊ की, देव कुठे पळून चाललाय?" सासूबाई एव्हाना स्वयंपाकघरात शिरून चहाचं भांडं शोधत होत्या. "अगं, चहाची पूड हलवलीस का जागेवरून?"

"तुम्ही एक वर्ष चुकवायचं आणि माझं घर काय जागच्या जागी राहणार आहे?" मालकीण अंगणातून ओरडली.

सुनेने ऑफिसला फोन लावला आणि रजा दोन दिवस वाढवून मागितली.