सत्तेचाळीस नंबरचं घर

तेजश्रीचं काम लोकांच्या घरातली धूळ मोजण्याचं. सोफ्याच्या फोममधून, टीव्हीमागच्या प्लास्टिकमधून झिरपणारी रसायनं शेवटी धुळीत उतरतात आणि धुळीतून माणसात. कुठल्या घरात ती किती आहेत, हे पाहायला तेजश्री छोटा व्हॅक्यूम घेऊन नाशिकभर फिरे आणि घरच्यांच्या मनगटावर आठवडाभरासाठी सिलिकॉनचा पट्टा बांधे. पट्टा हवेतलं सारं शोषून घेतो. प्रत्येक घराचं मिश्रण वेगळं, त्यामुळे नुसत्या पट्ट्यावरून माणूस कुठे राहतो हे बहुतेक वेळा ओळखता येई. ताळा म्हणून तिने स्वतःच्या, नवऱ्याच्या आणि लेकीच्या हातातही पट्टे बांधले होते.

निकाल आले तेव्हा प्रयोगशाळेतला मयुरेश चाचरत म्हणाला, "मॅडम, घरच्या दोघांचे पट्टे तुमच्या फ्लॅटशी जुळतायत. तुमचा मात्र सत्तेचाळीस नंबरशी जुळतोय."

"म्हणजे कुठलं घर?"

"देवळाली कॅम्प. नवसाबाई."

एकटी राहणारी ती म्हातारी तेजश्रीला आठवली. तिथे ती एकदाच, जेमतेम वीस मिनिटं, तीही पुढच्याच खोलीत बसली होती. पट्ट्यांची अदलाबदल झाली असणार, असं म्हणून तिने नवा पट्टा बांधला, रजा टाकली आणि आठवडाभर घराचा उंबरठा ओलांडला नाही. मुद्दाम जुन्या गादीवर लोळली, पडदे झटकले, पलंगाखालचा केर हातांनी काढला. निकाल तोच आला. स्वतःच्या घराचा त्यात मागमूसही नव्हता. कागद देताना मयुरेशने मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी लेकीने, हर्षालीने, सवयीने तिच्या कुशीत तोंड खुपसलं आणि लगेच मागे सरली.

"आई, तुला दुसऱ्याच घराचा वास येतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तेजश्री देवळालीला गेली. तिथली धूळ पुन्हा घ्यायची, चूक सापडेल, असं ती वाटभर स्वतःला बजावत होती. दार उघडताना नवसाबाईंना जराही नवल वाटलं नाही.

"आज लवकर सुटलीस? हातपाय धू. ऊन लय हाय."

"आजी, मी धुळीचे नमुने नेणारी. मागच्या महिन्यात आले होते."

"बरं, बरं," म्हातारी समजूत घातल्यासारखी म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला बसली. "आतल्या खोलीतनं सूप आण तेवढं."

आपण आत जाणार नाही, असं सांगायला तेजश्रीने तोंड उघडलं, पण तोवर ती त्या खोलीत पोचलीही होती. खिडकी नसलेली खोली. भर दुपारीही काळोख. तिचा हात कपाटामागच्या चिंचोळ्या फटीत कोपरापर्यंत गेला आणि तिथलं बटण दाबून बाहेर आला.

दिवा लागला, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की बटण आधी दारापाशी चाचपावं असं आपल्या मनातही आलं नव्हतं.